प्रेमाच्या कवितेत कुणाचे चालते? रोमँटिक आणि व्हिक्टोरियन कवितांची तुलना करण्याची पद्धत

इंग्लंडमध्ये जीसीएसई या शालेय परीक्षेला बसणारी बरीच मुले ‘एक्यूए’ या परीक्षा मंडळाचा कवितासंग्रह अभ्यासतात. त्यातल्या कवितांच्या गटांपैकी एक आहे प्रेम आणि नातेसंबंधांचा, दुसरा सत्ता आणि संघर्षाचा. रॉबर्ट ब्राउनिंगची ‘पॉर्फिरियाज लव्हर’ प्रेमाच्या गटात आहे, ‘माय लास्ट डचेस’ सत्तेच्या. पहिल्या कवितेत प्रियकर प्रेयसीचा तिच्याच केसांनी गळा आवळतो. दुसरीत एक ड्यूक मेलेल्या बायकोचे चित्र दाखवत दाखवत दुसऱ्या लग्नाच्या हुंड्याची बोलणी करतो. म्हणजे प्रेमाच्या गटात खून आहे आणि सत्तेच्या गटात संसार!

अभ्यासक्रमासाठी अशी वाटणी करावी लागते, हे समजू शकते. पण इंग्रजी घेऊन बी. ए., एम. ए. करणारे किंवा सेट-नेटची तयारी करणारे आपल्याकडचे विद्यार्थीही प्रेम आणि सत्ता हे दोन स्वतंत्र विषय समजून टिपणे काढतात आणि तिथेच तुलना पांगळी होते. माझे म्हणणे असे आहे की रोमँटिक (अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा) आणि व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातला) या दोन कालखंडांतला खरा फरक प्रेम आणि सत्ता एकमेकांना कुठे भेटतात यात आहे. म्हणून प्रत्येक कवितेला एकच प्रश्न घेऊन भिडायचे: या प्रेमात कुणाचे चालते? हा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा विचारायचा, ते एक जोडी शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी जोडी, मग कालखंड

‘रोमँटिक कवी भावनाप्रधान आणि निसर्गवेडे, व्हिक्टोरियन कवी संयमी आणि नीतिवादी’ हे वाक्य वहीत पहिल्याच पानावर लिहिले की पुढची प्रत्येक कविता त्याचा पुरावा म्हणून राबवली जाते. जे त्या वाक्यात बसत नाही, ते डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून कालखंडाची टिपणे मिटून ठेवा आणि दोन कविता समोर घ्या.

जोडी निवडताना प्रसंग सारखा हवा. ‘दोन्ही प्रेमकविता आहेत’ एवढे साम्य पुरत नाही. मी इथे जॉन कीट्सची ‘ला बेल दाम सां मेर्सी’ (म्हणजे ‘निष्ठुर सुंदरी’) आणि ब्राउनिंगची ‘पॉर्फिरियाज लव्हर’ घेतो. कीट्सने आपली कविता एप्रिल 1819 मध्ये भाऊ आणि भावजयीला लिहिलेल्या पत्रात उतरवली होती. ब्राउनिंगची जानेवारी 1836 मध्ये ‘मंथली रिपॉझिटरी’ या मासिकात आली. दोन्हींत एक पुरुष बोलतो, एक स्त्री त्याच्याकडे येते किंवा त्याला भेटते, बाहेर गारठा आहे, चुंबन आहे, झोप किंवा मरण आहे, आणि शेवटी पुरुष जागचा हलत नाही. इतके साम्य असले की फरक आपोआप उठून दिसतो.

तारखांकडे एकदा नीट बघा. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली जून 1837 मध्ये. म्हणजे जिला सगळे व्हिक्टोरियन कविता म्हणतात, ती राणीच्या आधी दीड वर्ष छापून आली. शिवाय ब्राउनिंग किशोरवयात शेली या रोमँटिक कवीच्या कवितेने इतका भारला होता की काही काळ त्याने शेलीसारखाच शाकाहार आणि नास्तिकपणा पत्करला. या दोन कालखंडांमध्ये भिंत नाही, हे उत्तरपत्रिकेत एका वाक्यात जरूर यावे.

बोलणारा कोण, ऐकणारा कोण

कविता मोठ्याने वाचा आणि समासात दोन नावे लिहा: बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे. कीट्सच्या कवितेत पहिली तीन कडवी एक वाटसरू बोलतो. तळ्याकाठचे गवत सुकले आहे, पाखरे गात नाहीत, आणि अशा वेळी हा शूर सरदार इथे एकटा, फिकुटलेला का भटकतो आहे, असे तो विचारतो. चौथ्या कडव्यापासून शेवटपर्यंत सरदार उत्तर देतो. वाटसरू परत बोलत नाही, त्यामुळे या कहाणीवर विश्वास ठेवावा की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

ब्राउनिंगच्या कवितेत प्रश्न विचारणाराही नाही. वादळी रात्र, एक झोपडी, एक माणूस आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेले प्रेत. तो कुणाशी बोलतो आहे, हे कविता सांगत नाही. एकच व्यक्ती बोलते आणि बोलता बोलता स्वतःला उघडी पाडते, अशा या रचनेला ड्रामॅटिक मोनोलॉग म्हणतात. भा. रा. तांबे यांनी मराठीत रुजवलेले नाट्यगीत ज्यांनी वाचले आहे, त्यांना कवी आणि बोलणारे पात्र वेगळे असतात, हे नव्याने सांगायला नको. तरीही ‘ब्राउनिंग म्हणतो की...’ अशी सुरुवात असलेली उत्तरे दरवर्षी लिहिली जातात. ब्राउनिंग काहीच म्हणत नाही, त्याचा खुनी म्हणतो.

आता तिसरे नाव लिहा: जिच्याविषयी बोलणे चालले आहे तिचे. आणि त्यापुढे तिच्या तोंडचे शब्द उतरवा. कीट्सच्या सुंदरीचे एकच वाक्य कवितेत आहे: ‘माझे तुझ्यावर खरे प्रेम आहे.’ पण तेही सरदार सांगतो, आणि ती अनोळखी भाषेत बोलली असे तोच म्हणतो. पॉर्फिरिया आपले प्रेम पुटपुटते, पण तिचे शब्द आपल्याला ऐकवले जात नाहीत. ‘माय लास्ट डचेस’मध्ये ड्यूक चित्रकाराच्या तोंडी वाक्ये घालतो, बायकोचे एकही वाक्य देत नाही. तिचे नावसुद्धा नाही. ही एवढी यादी केली तरी निम्मे काम झाले, कारण बोलण्याचा हक्क ही या कवितांतली पहिली सत्ता आहे.

क्रियापदे मोजा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त देऊन जातो. पानावर दोन रकाने आखा, एक ‘तो’चा आणि एक ‘ती’चा, आणि क्रियापदे उतरवत जा.

कीट्सची नेहमी छापली जाणारी संहिता घेतली, तर आधी सगळी क्रियापदे सरदाराच्या रकान्यात पडतात. मला एक स्त्री भेटली. मी तिच्यासाठी फुलांचा मुकुट केला, कंकणे केली. मी तिला माझ्या घोड्यावर बसवले. मग पारडे फिरते. तिने मला गोड कंदमुळे शोधून दिली. तिने मला आपल्या गुहेत नेले. तिथे तिने मला झोपवले. कडव्यांच्या सुरुवातीचे ‘मी, मी, मी’ जाऊन ‘ती, ती’ येते. स्वप्नात त्याला फिकट राजे, राजपुत्र आणि योद्धे दिसतात आणि ओरडून सांगतात की या निष्ठुर सुंदरीने तुला गुलाम केले आहे. जागा होतो तो थंडगार डोंगरउतारावर.

हे स्वप्न प्रत्येक विद्यार्थ्याने दोनदा वाचावे. जगात ज्यांच्या हाती सत्ता असते, तेच इथे भुकेल्या ओठांनी उभे आहेत. तिने गुलाम केले, हा आरोप पुरुषांनी, पुरुषाच्या स्वप्नात, तिच्या पाठीमागे केलेला आहे. तिने प्रत्यक्षात काय केले? खायला दिले, रडली, निजवले.

आता ब्राउनिंगचा तक्ता. इथे सुरुवात तिच्या रकान्याने होते, आणि क्रियापदांची रांगच लागते. पॉर्फिरिया आत येते, वादळ आणि गारठा बाहेर ठेवून दार लावते, गुडघे टेकून विझत आलेली शेकोटी पेटवते, ओला झगा आणि शाल उतरवते, हातमोजे ठेवते, टोपीची गाठ सोडते, त्याच्याजवळ बसते, त्याला हाक मारते. तो ओ देत नाही, तेव्हा त्याचा हात उचलून आपल्या कमरेभोवती घालते, खांदा उघडा करून त्याचा गाल त्यावर टेकवते. तो नुसता बसून आहे. ती मेजवानी सोडून, पावसातून त्याच्याकडे आली आहे. अभिमान आणि घराण्याची बंधने तिला तोडवत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे ती त्याच्याहून वरच्या थरातली.

कवितेच्या मध्यावर तो तिच्या डोळ्यांत पाहतो आणि त्याला वाटते की ही माझी पूजा करते, या क्षणी ही माझी आहे. मग तिचे लांब पिवळे केस तो तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळतो. त्यानंतर सगळी क्रियापदे त्याची. तो तिच्या पापण्या उघडतो, गळ्याची बट सैल करतो, गालाचे चुंबन घेतो, आणि तिची मान आपल्या खांद्यावर टेकवतो. मघाशी त्याचा गाल तिच्या खांद्यावर होता. सामाजिक दर्जाने ती वर होती. पुरुष म्हणून तो हे उतरंडीचे गणित उलटवतो, आणि त्यासाठी तिला मरावे लागते.

दोन तक्ते शेजारी ठेवले की एक जागा लख्ख दिसते. कीट्सचा सरदार चार चुंबनांनी तिचे डोळे मिटतो. ब्राउनिंगचा प्रियकर मेलेल्या तिच्या पापण्या उघडतो. दोघांनाही तिच्या नजरेचा ताबा हवा आहे.

खात्री कुठून आली, हे विचारा

क्रियापदांनंतर असे शब्द शोधा जिथे बोलणारा दुसऱ्याच्या मनातले ठामपणे सांगतो. कीट्सचा सरदार म्हणतो की अनोळखी भाषेत ती ‘नक्कीच’ प्रेम आहे असे म्हणाली. भाषा कळत नाही, पण अर्थाची खात्री आहे! ती आपल्याकडे प्रेम असल्या‘सारखे’ पाहत होती, असेही तो सांगतो. पॉर्फिरियाचा मारेकरी म्हणतो की तिला वेदना झाली नाही, माझी पूर्ण खात्री आहे की तिला वेदना झाली नाही. एकच गोष्ट लागोपाठ दोनदा सांगावी लागते, तिथे वाचकाने थांबायला हवे.

माझ्या मते या जोडीचे मर्म इथे आहे. दोन्ही पुरुष स्त्रीच्या मनाचा अर्थ स्वतः लावतात. कीट्सच्या कवितेत ही खात्री सरदाराला रिकामे करते: तो कृश होतो, गालांवरचा रंग उडतो, वाट विसरतो. ब्राउनिंगच्या कवितेत तीच खात्री हाताला बळ देते. रोमँटिक प्रेमी प्रेमापुढे हतबल झाल्याचे सांगतो. व्हिक्टोरियन ड्रामॅटिक मोनोलॉगमधले पात्र प्रेमाच्या नावाखाली ताबा मिळवते. पण दोघांचीही वाट एकाच ठिकाणाहून निघते, आणि हे ओळखणारे उत्तर इतरांपेक्षा वेगळे ठरते.

संहिता तपासा

इथे एक फार उपयोगी गोष्ट. कीट्सची ही कविता त्याच्या हयातीत 1820 मध्ये ‘इंडिकेटर’ या साप्ताहिकात छापली गेली, तेव्हा तिच्यात बरेच बदल होते. त्या छापील रूपात ती त्याला झोपवत नाही. तो चुंबन घेऊन तिला झोपवतो आणि दोघे मिळून शेवाळावर निजतात. आज बहुतेक पुस्तकांत असते ते आधीचे रूप. ‘कुणाचे चालते’ या प्रश्नाचे उत्तर दोन रूपांत वेगळे येते. तुमच्या हातातल्या पुस्तकात कोणते रूप आहे, हे पाहून मगच झोपेबद्दल विधान करा.

छंद आणि यमक कामाला लावा

छंदाची नावे सांगून गुण मिळतात, पण तुलना पुढे सरकत नाही. छंद सत्तेविषयी काय करतो, हे विचारायचे. कीट्सच्या प्रत्येक कडव्यात तीन ओळी चार आघातांच्या (म्हणजे चार ठिकाणी जोर पडणाऱ्या) आणि चौथी तोडल्यासारखी आखूड. प्रत्येक कडवे पाऊल पुढे टाकते आणि अडते. सरदाराची अवस्थाही तीच आहे. ब्राउनिंगने 60 ओळी सलग लिहिल्या, मध्ये मोकळी जागा नाही. ओळ इथेही चार आघातांचीच. यमकाची घडी मात्र पाच ओळींची: अ-ब-अ-ब आणि शेवटी आणखी एक ब. शेवटचा ब तोल बिघडवतो, आणि ही बिघडलेली घडी न चुकता बारा वेळा येते. अस्थिर मन आणि काटेकोर शिस्त एकत्र नांदतात. खुनाच्या ओळीतही ना लय चुकते ना यमक, म्हणून ती ओळ अंगावर येते.

‘माय लास्ट डचेस’मध्ये हेच अधिक बारकाईने दिसते. 56 ओळी, दोन-दोन ओळींची यमके, पण वाक्ये ओळीच्या टोकाला न थांबता पुढे वाहत जातात, त्यामुळे यमक कानाला जेमतेम कळते. मला बोलण्याची कला अवगत नाही, असे म्हणणारा ड्यूक प्रत्यक्षात यमकांत बोलतो आहे. त्याचा ताबा असाच, न दिसणारा. कवितेची पहिली ओळ ‘माझी’ मागची डचेस म्हणून सुरू होते आणि शेवटचा शब्द ‘माझ्यासाठी’ असा आहे. मधल्या ओळींत बायकोचा गुन्हा सांगितला आहे: मावळतीचा उजेड, कुणी आणून दिलेली चेरीची फांदी, पांढरे खेचर, आणि नवऱ्याने दिलेले नऊशे वर्षांचे घराणे, या सगळ्याला ती सारखेच हसून दाद देई. मग त्याने हुकूम दिले आणि सगळी हसू एकदम थांबली.

काळाचा संदर्भ आता आणा, आधी नको

एवढे वाचन हाती आले की इतिहास उघडा. तो कवितेच्या आत कुठे शिरतो हे दाखवता आले तरच वापरा.

रोमँटिक कवींच्या डोळ्यांपुढे सत्ता म्हणजे मुख्यतः राजा, चर्च, कायदा. 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती आणि तिचा झालेला विचका त्यांनी पाहिला. शेलीला 1811 मध्ये नास्तिकतेच्या पत्रकावरून ऑक्सफर्डमधून काढून टाकले. ऑगस्ट 1819 मध्ये मँचेस्टरला मतदानाचा हक्क मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले, त्यावर त्याने लिहिलेली दीर्घ कविता 1832 पर्यंत छापता आली नाही, तोवर तो मरून दहा वर्षे झाली होती. ‘ओझिमँडियस’मध्ये वाळवंटात पडलेला राजा हीच त्याची सत्तेची प्रतिमा. अशा कवीसाठी प्रेम म्हणजे जुलमाच्या विरुद्ध उभी असलेली ताकद.

व्हिक्टोरियन काळात सत्ता घरात येऊन बसते. म्हणजे ती आधी नव्हती असे नाही, पण तिच्यावर जाहीर वाद सुरू झाला. 1836 साली कॅरोलिन नॉर्टन या कवयित्रीच्या नवऱ्याने थेट पंतप्रधान मेलबर्न यांच्यावर व्यभिचाराचा दावा लावला. तो हरला, तरी तिन्ही मुले कायद्याने त्याच्याकडेच राहिली. तिने चळवळ केली आणि 1839 मध्ये लहान मुलांच्या ताब्याचा कायदा झाला. 1857 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवण्याचा हक्क विवाहितेला 1870 मध्ये मिळाला आणि मालमत्तेचा पुरा हक्क 1882 मध्ये.

हा कायदा आपल्यापासून लांब राहिला नाही. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा ही इंग्रजी कायद्यातून आलेली तरतूद मुंबईत रखमाबाईंच्या विरोधात वापरली गेली. बालपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम त्यांना 1887 मध्ये झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘माझी’ डचेस या शब्दामागे कायद्याचे केवढे बळ होते, हे मराठी वाचकाला कळायला या खटल्याइतके जवळचे उदाहरण नाही.

सावधगिरी एकच. पॉर्फिरियाची कविता नॉर्टन खटल्याच्या काही महिने आधी छापली गेली, तेव्हा खटल्यामुळे कविता सुचली असे लिहू नका. ‘त्याच वर्षी हा प्रश्न न्यायालयातही उभा होता’ इतकेच लिहा.

बायका बोलू लागतात तेव्हा

आतापर्यंत सगळे पुरुष बोलले. तुलना इथेच संपवली तर ती अर्धी राहील, कारण व्हिक्टोरियन कवितेतली मोठी घटना म्हणजे जिच्याकडे पाहिले जात होते, तीच बोलू लागली. रोमँटिक काळात बायका लिहीत नव्हत्या असे अजिबात नाही. शार्लट स्मिथ, फेलिशिया हेमन्स यांना वाचकवर्ग मोठा होता. हेमन्सचा ‘रेकॉर्ड्स ऑफ वुमन’ 1828 चा. पाठ्यपुस्तकांनी मागाहून पुरुषांचीच नावे ठेवली.

एलिझाबेथ बॅरेटने 1845-46 मध्ये, ब्राउनिंगशी प्रेम जुळत असताना, सुनीतांची (चौदा ओळींच्या कवितांची) माळ लिहिली. ती 1850 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या वडिलांनी आपल्या कोणत्याही मुलामुलीने लग्न करू नये असा दंडक घातला होता. तिने सप्टेंबर 1846 मध्ये गुपचूप लग्न केले आणि इटली गाठली. वडिलांनी तिला वारसाहक्कातून वगळले. चौदाव्या सुनीतात ती प्रियकराला बजावते की तिच्या हसण्यासाठी, दिसण्यासाठी, मृदू बोलण्यासाठी प्रेम करू नकोस, कारण या गोष्टी बदलतील, आणि त्यांच्यासोबत प्रेमही. हसण्यावरून बायकोला संपवणारा ड्यूक 1842 चा. दोन कविता एकमेकींशेजारी ठेवून पाहा.

एकोणतिसावे सुनीत तर मला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. माझे विचार तुझ्याभोवती रानवेलींसारखे गुंडाळत चालले आहेत, इतके की झाडच दिसेनासे झाले, असे ती म्हणते. मग ती झाडाला सांगते की फांद्या हलव, ही हिरवी बंधने तोडून टाक, तूच ये. आपल्या कल्पनेने प्रिय माणूस झाकला जातो, हे ओळखून ती स्वतः मागे सरते. ड्यूकला जिवंत बायकोपेक्षा चित्र बरे वाटते, कारण चित्रावरचा पडदा त्याच्याशिवाय कुणी सारत नाही. ती नेमके उलट मागते.

क्रिस्टिना रोझेटीने 1856 मध्ये लिहिलेले चित्रकाराच्या स्टुडिओवरचे सुनीत तिच्या मृत्यूनंतर 1896 मध्ये छापले गेले. त्यात एकाच स्त्रीचा चेहरा सगळ्या कॅनव्हासांवर आहे. चित्रकार रात्रंदिवस त्या चेहऱ्यावर जगतो, पण ती जशी आहे तशी तिथे नाही, त्याच्या स्वप्नात भरते तशी आहे. तुलनेत तिसरा आवाज म्हणून ही कविता अतिशय कामाची.

आपल्याच विधानाविरुद्ध पुरावा शोधा

‘रोमँटिक कवितेत सत्ता बाहेर, व्हिक्टोरियन कवितेत घरात’ हे सूत्र हाती आले की त्याला धक्का देणारी कविता स्वतःच शोधा. विल्यम ब्लेकची 1794 ची ‘लंडन’ घ्या. चर्च, सैनिक आणि राजवाडा यांच्यावरून जाणारी ही कविता वेश्येच्या शापापाशी आणि लग्नाच्या तिरडीपाशी संपते. म्हणजे राजसत्ता शयनगृहापर्यंत पोचलेली ब्लेकला व्हिक्टोरियाच्या कितीतरी आधी दिसली होती. शेलीची ‘लव्ह्ज फिलॉसॉफी’ 1819 ची, कोवळी मनधरणी म्हणून वाचली जाते. झरे नदीला मिळतात, लाटा लाटांना बिलगतात, मग तू मला का नाही? पण तो याला दैवी ‘कायदा’ म्हणतो, आणि भावाला झिडकारणाऱ्या फुलाला क्षमा नसते असेही सुनावतो. जिला हे सांगितले जाते तिचे उत्तर कवितेत नाही. जुलमाचा शत्रू असलेला कवी प्रेमात मात्र कायद्याचीच भाषा वापरतो.

उलट दिशेनेही हेच करा. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ (1847) मधले ‘पुरुषाने रणांगणात, बाईने चुलीपाशी’ हे वाक्य व्हिक्टोरियन मताचा नमुना म्हणून सर्रास दिले जाते. कवितेत ते एका म्हाताऱ्या राजाच्या तोंडी आहे आणि कवितेचा विषय आहे स्त्रियांचे विद्यापीठ.

लिहायला बसा

आधी एक विधान लिहा, ज्याच्याशी कुणी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. ‘दोन्ही कवितांत प्रेम आणि सत्ता दिसते’ याच्याशी कोण भांडेल? त्याऐवजी असे लिहा: ‘कीट्स आणि ब्राउनिंग या दोघांच्याही कवितांत पुरुष स्त्रीच्या मनाबद्दल खात्री बाळगतो. कीट्समध्ये ती खात्री त्याला दुबळे करते, ब्राउनिंगमध्ये ती हिंसेचे समर्थन बनते. बोलणाऱ्यावरचा वाचकाचा विश्वास दोन्हीकडे डळमळतो, पण ब्राउनिंग तो पुरता मोडतो.’

मग परिच्छेद कवितांनुसार न पाडता मुद्द्यांनुसार पाडा: आवाज, क्रियापदे, नजर, छंद, काळ. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कविता याव्यात. एका परिच्छेदाचा नमुना देतो:

‘दोन्ही कवितांत डोळ्यांवरचा ताबा हा प्रेमावरचा ताबा आहे. सरदार स्त्रीचे डोळे चुंबनांनी मिटतो, पण लगेच तीच त्याला झोपवते आणि स्वप्नातली दृश्ये त्याच्या इच्छेबाहेरची आहेत. ब्राउनिंगच्या प्रियकराला असा उलटा झटका बसत नाही. तो मृत पॉर्फिरियाच्या पापण्या उघडतो आणि निळे डोळे हसल्याचे सांगतो. हे हसू फक्त त्यालाच दिसते. कीट्सची चार आघातांची ओळ कडव्याच्या शेवटी तुटते आणि सरदाराची हतबलता ऐकू येते. ब्राउनिंगची तशीच ओळ कुठेही तुटत नाही, आणि त्या सलगपणामुळे त्याची शांतता भयावह वाटते. विवाहितेची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची असण्याच्या काळात “ती माझी आहे” हे वाक्य वेड्याचे असले, तरी शब्द रूढ व्यवहारातलेच आहेत.’

या परिच्छेदात अवतरण कमी आणि निरीक्षण जास्त आहे, इतिहास शेवटच्या एका वाक्यात आला आहे, आणि ‘याउलट’, ‘तसेच’ यांची रेलचेल नाही. लांबलचक अवतरणे पाठ करण्यापेक्षा एकेक शब्द नेमका उचलता येणे परीक्षेत अधिक कामाला येते.

सरावासाठी आणखी तीन जोड्या. ‘ओझिमँडियस’ आणि ‘माय लास्ट डचेस’: दोन्हींत सत्ताधीश आणि कलावंत आहेत. शेलीच्या शिल्पकाराने राजाचा माज ओळखून दगडात उतरवला आणि राज्य गेले तरी तो टिकला. ड्यूकच्या दालनात मात्र चित्रही ड्यूकच्याच ताब्यात आहे, आणि शेवटी तो समुद्राश्वाला माणसाळवणारा कांस्याचा नेपच्यून दाखवतो. तो पुतळा कुणाविषयी आहे, हे विचारा. बायरनची ‘व्हेन वी टू पार्टेड’ आणि थॉमस हार्डीची ‘न्यूट्रल टोन्स’ (1867 मध्ये लिहिलेली, 1898 मध्ये छापलेली): प्रेम संपल्यावर दोष कुणाच्या पदरात घातला जातो, आणि मौन कुणाचे आहे, ते पाहा. तिसरी ‘लव्ह्ज फिलॉसॉफी’ आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचे एकोणतिसावे सुनीत: दोन्ही निसर्गाचा आधार घेतात, एक प्रिय व्यक्तीला वळवण्यासाठी, दुसरे तिला मोकळे करण्यासाठी. सुरुवात या तिसऱ्या जोडीपासून करा. कविता लहान आहेत, दोन रकान्यांचा तक्ता एका बैठकीत पुरा होतो.